मनू, आधी ताट दाखव

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू कॅनडात पोचल्याचा फोन आला, खोली दाखवलीस, खिडकीतला रस्ता दाखवलास. बाबांचं समाधान झालं. माझं झालं नाही, म्हणून हे लिहून राहिली आहे. फोनवर मी काही बोलायला गेले की तू "हो आई, हो आई" करून विषय बदलतेस. कागदावरचं तुला मधेच तोडता येणार नाही. लिहून झालं की दादा फोटो काढून पाठवेल.

नागपूरच्या त्या संध्याकाळचं बोलायचं आहे.

पोळा घरी झाला, बैलांना तुझ्या हातची पुरणपोळी मिळाली, हे फार चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी आपण कळंबवरून वर्धा, बुटीबोरी करत नागपुरात शिरलो तेव्हा मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची गर्दी. मावशीचं घर इतवारीत, गाडी पार अलीकडेच थांबवावी लागली. तेवीस-तेवीस किलोच्या दोन्ही बॅगा बाबांनी आणि दादानं खांद्यावर घेतल्या. काळी मारबत 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून, असं मावसाजी सांगत होते. मी मात्र पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. "इडा, पिडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत" असा पुकारा झाला तेव्हा तू ओट्यावरून शूटिंग घेत होतीस. मी हात जोडून मनातल्या मनात म्हटलं, माझ्या लेकीच्या ताटातली काटकसर घेऊन जाय. कारण कर्जमंजुरीचं पत्र आलं त्या दिवसापासून तू दुसरी भाकर घेणं सोडलं होतंस. बोलले नाही, पण पाहत होते.

संध्याकाळी तू म्हणालीस, चितार ओळीतून जाऊ. गणपती चार दिवसांवर आलेला, दोन्ही बाजूंना मूर्तीच मूर्ती. कुठे सोंडेला सोनेरी रंग चालू, कुठे ओलं पितांबर पंख्यासमोर वाळत ठेवलेलं. त्या एका म्हाताऱ्या कारागिरासमोर तू थबकलीस. त्यांनी करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवली, बारीक कुंचल्यानं डोळ्यात काळं बुबुळ भरलं, आणि हात उचलेपर्यंत श्वाससुद्धा घेतला नाही. तूही घेतला नाहीस. मग मला विचारलंस, "आई, तिथं गणपती बसवत असतील काय वं?" बसवत असतीलच. जिथं आपली चार माणसं असतील तिथं बसतो तो. शोध आणि जा. प्रसादाला तरी जाशील.

मेट्रोनं बर्डीच्या बाजारात गेलो. बाबा सगळा वेळ काचेला चिकटून खालचं रेल्वे स्टेशन दाखवत होते. भर पावसाळ्यात लोकरीचे हातमोजे कुठे मिळायचे! थर्मास तेवढा घेतला.

मग ते सावजी जेवणाचं हॉटेल. श्रावण आदल्याच दिवशी संपलेला, बाबांची मटणाची इच्छा होती, आणि तुझाही सावजी रस्सा लहानपणापासून जीव की प्राण. मेनूकार्ड तुझ्या हातात होतं. मी समोर बसले होते. तुझी नजर डावीकडच्या नावांवर गेलीच नाही, उजवीकडच्या आकड्यांवरूनच खाली उतरली. "मले पाटोडी रस्सा अन् एक पोळी. भूक नाही वं, मावशीनं बम वाढलं होतं." आणि ताट यायच्या आधी दोन गिलास पाणी प्यायलीस.

मनू, अंगणवाडीत माझं रोजचं काम हेच आहे. लेकराला काट्यावर उभं करायचं, दंडाला पट्टी लावायची. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेली तर लाल, साडेबारापर्यंत पिवळी, त्याच्या वर हिरवी. आया सांगतात, "खाते बाई, बरोबर खाते." आयांना खोटं बोलायचं नसतं, पण काटा वेगळंच सांगतो. भूक दाबणारं लेकरू मला लांबून ओळखू येतं. ते आधी पाणी पितं. घास लहान करतं, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहायचं टाळतं. तू हे सगळं त्या टेबलावर केलंस. बाबा म्हणाले, "खाय नं बाप्पा, पोरी," आणि तू हसून त्यांच्याच ताटात लिंबू पिळलंस.

नंतर फुटाळा तलावावर गेलो. वारा सुटला होता, पाऊस येतो की नाही असं आभाळ. कोळशावर भुट्टे भाजून राहिलेल्या बाईकडून बाबांनी न विचारता चार घेतले, लिंबू-तिखट-मीठ चोळून. तुझा भुट्टा मी पाहिला. ओळीनं ओळ साफ, बुडाशी एक दाणा राहिला नाही. मग बोलता बोलता बाबांच्या हातातला अर्धाही घेतलास. दादा चिडवायला लागला, मी त्याला गप्प केलं. तेव्हाच ठरवलं होतं हे पत्र लिहायचं.

सोनेगावच्या विमानतळावर पोचेपर्यंत रात्र झाली होती. दारापासून आत तिकीटवाल्यालाच सोडतात. तू काचेपलीकडून हात हलवलास, आम्ही निघालो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता नीट ऐक. कर्ज आपण सगळ्यांनी मिळून काढलं आहे. शिक्षण संपल्यावर वर्षानं पहिला हप्ता, असं बँकेच्या कागदात लिहिलं आहे, तू स्वतःच मला वाचून दाखवलं होतंस. जो हप्ता अजून सुरूच झाला नाही, तो तू आजपासून पोटातून कापायचा नाही. इथलं बाबा पाहतील. कपाशीला पात्या-फुलं चांगली आहेत, बोंडअळीचे कामगंध सापळे लावून झालेत, सीतादहीची पूजा झाली की वेचणी लागेल. भाव काय लागायचा तो लागो, तुझ्या जेवणावर त्याचा भार नाही.

तिथे जानेवारीत पारा उणे वीसच्याही खाली उतरतो म्हणे. आपल्याकडे आठ अंशांवर आला की आपण शेकोटी सोडत नाही. थंडीत अंगातली ऊब अन्नातूनच येते. म्हणून अंडी घेत जा, दूध घे. मसूर तर घेच. दादा म्हणतो, आपल्या बाजारातली कितीतरी मसूर कॅनडातूनच येते, म्हणजे ती तुला परदेशी नाही. डाळ-भात, वर चमचाभर जवसाची चटणी, इतकं जमलं तरी दिवस निघतो. एकटीसाठी काय करायचं, असं म्हणू नको. आपल्या अंगणवाडीत कधी पावसामुळे एकच लेकरू आलं, तरी मदतनीस ताई खिचडी लावतात.

बरोबरच्या मुली बाहेर जेवायला बोलावतील. महिन्यातून एक-दोनदा जात जा, आणि गेलीस की डावीकडचं वाचून मागव.

फोनचं असं ठरवू. इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथे दुपारचे बारा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातील, मग आपल्याकडे साडेदहा होतील. आम्ही तोवर जागे राहू, बाबांना तसंही ओलिताला जायचं असतं. त्या वेळी तुझं जेवण समोर असू दे. व्हिडिओ लावलास की आधी ताट दाखव, मग तोंड. कॉलेज नसलेल्या दिवशीसुद्धा. कधी मन लागलं नाही, रडू आलं, तर ताट समोर ठेवून रड, मी ऐकते. पण जेवलीस का विचारल्यावर नुसतं "हो" चालणार नाही.

दादानं कोटाचे पैसे खात्यात टाकले आहेत. ते कोटासाठीच आहेत, फी भरायला वळवायचे नाहीत. ऑक्टोबरातच घे, स्वस्त होण्याची वाट पाहू नको, आणि पावतीचा फोटो पाठव. विमानतळावरच्या फॉर्मवर चटणी आणि मूगवड्या लिहिल्या होत्यास ना, म्हणून त्या सुखरूप पोचल्या. आता त्या जपून ठेवायच्या नाहीत. मूठभर टाकून आजच भाजी कर. संपल्या की सांग, दिवाळीनंतर मावशीच्या शेजारचा मुलगा तिकडेच येतो आहे, त्याच्याबरोबर दोन किलो पाठवते.

तुझी,
आई