लॅक्स्टनचे बांध

नॉटिंगहॅम,
१ डिसेंबर

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले होते, "तिकडच्या शेतांना बांध असतात का गं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी एक दिवस रजा काढून लॅक्स्टन नावाच्या गावी जाऊन आले. तिथे जे पाहिले ते फोनवर सांगण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र.

लॅक्स्टन आमच्याच परगण्यात, ऑलर्टन आणि टक्सफर्ड या गावांच्या मधल्या चिकण मातीच्या टेकाडांवर वसले आहे. १०८६ साली राजाने देशभराची जी जमीनमोजणी करून घेतली, तिच्यात या गावाची नोंद आहे. गावाच्या उत्तरेला जुन्या गढीचा मातीचा उंच ढिगारा अजून उभा आहे. शेरवुडच्या राजअरण्याची राखण पिढ्यानपिढ्या करणारी घराणी तिथे राहत. मात्र गावाचे नाव झाले ते शेतीमुळे. इंग्लंडमध्ये पूर्वी जी सामाईक शिवाराची पद्धत होती, ती आपल्या पंचांसह इथे आजतागायत चालू आहे.

ती पद्धत अशी. गावाभोवती वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शिवारे आहेत. त्यांत कुंपण नाही, काटेरी झुडपांची रांग नाही. प्रत्येक शेतकऱ्याचे लांबट पट्टे या शिवारांत विखुरलेले आहेत, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच वाट्याला आणि पाणथळ दुसऱ्याच्या, असे होत नाही. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे विश्रांतीला, असा तीन वर्षांचा फेर असतो. हा फेर सगळ्या गावाचा मिळून असतो, त्यामुळे एकाने मनाला येईल ते पेरावे अशी मुभा नाही. जमीन अशी विखुरलेली असल्याने कोणी शेतात वस्ती केली नाही. शेतकऱ्यांची घरे, कोठारे आणि गोठे गावातल्या रस्त्यालाच लागून आहेत. आई, इंग्लंडमध्ये एकेकटी शेतघरे पाहून तुला ओकेबोके वाटले होते ना? इथे आलीस तर आपल्या गावठाणातून चालल्यासारखे वाटेल. भटक्या जनावरांसाठी इथे कोंडवाडासुद्धा आहे, आणि दंड घेऊन जनावर सोडणारा माणूस गाव पूर्वी नेमत असे.

सर विल्यम कोर्टन या लंडनच्या व्यापाऱ्याने हे गाव विकत घेतल्यावर १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने त्याचा नकाशा काढला. तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टा न पट्टा दाखवला आहे आणि मध्येमध्ये नांगरणारी, कापणी करणारी माणसे चितारली आहेत. त्याची छापील प्रत पाहताना मला आपल्या घरातल्या ट्रंकेतला, घड्यांवर फाटलेला मोजणीचा कागद आठवला.

बाकीच्या इंग्लंडमध्ये हे सारे मोडले. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने पाच हजारांहून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपणे घातली. पट्टे एकत्र करून सलग शेते झाली, उत्पन्न वाढले. पण ज्यांचे पोट गायरानावर आणि कापणीनंतरच्या चराईवर चालत असे, त्यांचे हक्क त्या कागदांवर फार थोड्या जागी उतरले. लॅक्स्टनमध्येही काही भागाला कुंपणे पडली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे मोठे करण्यात आले, तरी शिवारे टिकली. १९५२ साली जमीनदार अर्ल मॅनव्हर्स यांनी गाव सरकारच्या शेती मंत्रालयाला विकले, तेव्हा ही पद्धत जपली जावी हाच हेतू होता. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजपदाच्या नावे असलेल्या सार्वजनिक मालमत्तेत, गेले आणि २०२० साली पुन्हा मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांच्या जहागिरीकडे आले. शेतकरी मात्र आधीही कुळे होते आणि आजही आहेत.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर, ज्या शिवारात नुकताच गहू पेरला आहे त्याची पाहणी करायला गावातल्याच शेतकऱ्यांचे पंच निघतात. मी गेले तो नेमका तोच दिवस होता. पंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शिवारात आले आणि पट्ट्यांच्या हद्दी तपासत, लागेल तिथे खुंट्या ठोकत चालू लागले. पट्ट्यांच्या मधली गवताची वाट आणि नांगराला न येणारी ओलसर कुरणे सर्वांची असतात; कोणी नांगर त्यात घातला असेल, तर त्याची नोंद होते. दुपारी सगळे गावातल्या डव्हकोट इन या खाणावळीत एकत्र जेवले. पुढच्या आठवड्यात तिथेच गावाचे न्यायालय भरते, नोंदी वाचल्या जातात, दंड ठरतो आणि पुढील वर्षाचे पंच नेमले जातात. १९७७ च्या कायद्याने देशातल्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनच्या न्यायालयाचे राखले. कुरणातल्या गवताचा उन्हाळ्यात लिलाव होतो, आणि त्या न नांगरलेल्या पट्ट्यांवर अशी रानफुले टिकली आहेत की सरकारने त्यांना संरक्षण दिले आहे.

बाबा, मी त्या चिखलात उभी राहून बराच वेळ पाहत होते. दंड किरकोळ असतो, पण ज्याने बांध कोरला त्याच्या शेतात शेजारी स्वतः येऊन खुंटी ठोकतात आणि त्याच दुपारी त्याच्याबरोबर जेवायला बसतात. आपल्याकडे १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यानंतर गट पाडले, नंबर बदलले, आणि ओढ्याकाठच्या पट्टीवरून तुमचे आणि काकांचे बोलणे बंद झाले, त्याला आता एकोणीस वर्षे होतील. एवढ्या काळात तारखा पडल्या, मोजणीदार आले आणि गेले, पण तुम्ही दोघे त्या बांधावर एकदाही एकत्र उभे राहिला नाहीत. कोणाचे चुकले हे मी ठरवू इच्छीत नाही. तुम्ही रोज सकाळी त्या बांधाकडे पाहून काही न बोलता परत फिरता, ते मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि ते मला फार लागते.

मी ४ मे रोजी येते आहे. तोपर्यंत पट्टी रिकामी असेल. काकांना मी वेगळे पत्र लिहिले आहे आणि त्यांनी यायचे कबूल केले, तर गावातल्या तुमच्या दोघांच्या वयाच्या तीन-चार माणसांनाही बोलवावे असे मनात आहे. मोजणीचा कागद आणि चार खुंट्या तेवढ्या काढून ठेवा. आई, त्या दिवशी स्वयंपाक सगळ्यांचा कर.

गुडघ्यांना तेल लावत जा, बाबांना एकट्याने विहिरीवर जाऊ देऊ नकोस.

आपली लेक