भूतान अर्धा तास पुढे आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई, तू "जेवलीस का?" म्हणत विषय बदलला असतास आणि बाबांनी फोन तुझ्या हातात देऊन टाकला असता. म्हणून कागदावर. शाळेचा करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवलाय. सही सोमवारी झाली. आधी विचारायला हवं होतं, कळतंय. पण तुम्ही "तुझी इच्छा" म्हणाला असतात आणि मग माझ्याच्यानं सही झाली नसती.

पगार वेळेवर होतो. खोलीत बुखारी, म्हणजे उबेसाठीची शेगडी आहे, लाकडं घरमालकीणबाई आणून देतात. लाल तांदळाचा भात आता आवडायला लागलाय. मिरच्यांची चीज घालून भाजी करतात, ती बाबांना चालली असती, डॉक्टरांना नाही.

जुलैतल्या त्या तीन दिवसांचं दादानं सांगितलं. बाबा, तुम्ही गुवाहाटीचं तिकीट बघत होतात म्हणे! दरड कोसळली, वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली, एवढंच झालं होतं. मी इथे मुलांच्या वह्या तपासत होते. नानांच्या वेळची ती रात्र मीही विसरलेले नाही. पण फोन लागला नाही की दर वेळी तसंच असतं, असं नाही ना.

या देशात टीव्ही आणि इंटरनेट आलं तेच मुळी १९९९च्या जूनमध्ये, तेव्हाच्या राजांच्या राज्याभिषेकाच्या रौप्यमहोत्सवात. मोबाइल २००३ मध्ये. त्याआधी रेडिओ, तोही १९७३ला सुरू झाला तेव्हा फक्त रविवारी अर्धा तास. आमच्या घरमालकीणबाईंना लिहिता-वाचता येत नाही, आणि त्यांची शारचोप भाषा तशीही कोणी फारशी लिहीत नाही. पण मुलगा पर्थला असतो. रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून वीचॅटवर त्याला बोलून निरोप पाठवतात. गाय व्याली, मिरच्या वाळत घातल्या, सगळं. त्याचं उत्तर आलं की तीन-तीनदा ऐकतात. मी भिंतीपलीकडे असते. एक शब्द कळत नाही, तरी कान तिकडेच.

शिंदेकाकूंच्या एसटीडी बूथवर बाबा मला कडेवर घेऊन उभे राहायचे ना, ते लाल आकडे पळायला लागले की नानांचं बोलणं अर्ध्यावर तोडून "ठेवतो" म्हणायचे. आता आकडे पळत नाहीत बाबा. सावकाश बोला.

तर ऐका. साधा आयएसडी लावू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरच करा. तुमचे साडेसात म्हणजे माझे आठ, तेव्हा मी मोकळी असते. रेंज नसली तर बोलून पाठवून ठेवा, येईल तेव्हा ऐकेन. दोन दिवस काहीच आलं नाही, तरच शाळेत फोन. नंबर दादा कपाटाच्या दारावर चिकटवेल, तो काढायचा नाही. आई, साखरेच्या गोळ्या संपायच्या आधी आणायच्या, संपल्यावर नाही. आणि बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या कुणालाही ओटीपी सांगायचा नाही, मग तो कितीही गोड मराठी बोलो.

हिवाळ्याच्या सुट्टीत येतेच आहे. चांगली दीड महिना.

आणि बाबा, निरोपाच्या शेवटी "तुझा बाबा" असं सांगायची गरज नसते हो. आवाज ओळखते मी. पण सांगितलंत तरी चालेल.

तुमची,
ठकी