आई-बाबांना पत्र: हरायची सवय मोडतात कशी

ब्लूमिंग्टन, इंडियाना
फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या इथल्या फुटबॉल संघाला नव्या कोचनं असं काय पाजलं, की दोन वर्षांत तो देशात पहिला आला. मी "कोच हुशार आहे" म्हणून मोकळी झाले आणि तुम्ही नुसतं "हं" केलंत. शाळेच्या कबड्डी संघावर आयुष्य घालवलेल्या माणसाचं एवढ्यावर समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तूही वाच. तुझा प्रश्नही पुढे आहे.

आधी खेळ. हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. ११-११ जण, चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे सरकायचं, १० यार्ड जायला ४ प्रयत्न. एका प्रयत्नाला 'प्ले' म्हणतात आणि तो जेमतेम सहा सेकंद चालतो. मग पुढचा प्ले सुरू करायला ४० सेकंद मिळतात. म्हणजे खेळ थोडा आणि थांबणं फार. हरणाऱ्या संघाचं मन बिघडतं ते बहुतेक या ४० सेकंदांत.

इंडियाना विद्यापीठ हे बास्केटबॉलचं घराणं. फुटबॉलमध्ये मात्र मोठ्या विद्यापीठांत सर्वांत जास्त पराभव यांच्या नावावर होते. २०२१ मध्ये २ विजय, १० पराभव. २०२२ मध्ये ४-८. २०२३ मध्ये ३-९. त्या नोव्हेंबरात जुन्या कोचला काढून कर्ट सिग्नेटींना आणलं. २०२४ मध्ये ११-२, आणि २०२५ च्या हंगामात १६ पैकी १६. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात फ्लोरिडातल्या मायामी विद्यापीठाला २७-२१ नं हरवलं.

आता बिघाड जवळून पाहा. तिसरा प्रयत्न आहे, समोरच्यांना ८ यार्ड हवेत. बचावाच्या पहिल्या रांगेत प्रत्येकाला एक फट नेमून दिलेली असते. ती त्यानंच बुजवायची, दुसरीकडे बघायचं नाही. पण हरत आलेल्या संघात शेजाऱ्याचा भरवसा उरलेला नसतो. गेल्या शनिवारी शेजारच्या फटीतून कुणीतरी ४० यार्ड पळालेला असतो, म्हणून हा आपली फट अर्धी सोडून तिकडे झुकतो. चेंडूवाला नेमका याच्याच जागेतून निघतो. मागे उभा असलेला सेफ्टी ते बघतो आणि पुढच्या वेळी मदतीला दोन पावलं आधीच पुढे येतो, की त्याच्या डोक्यावरून लांब पास पडतो. कडेचा कॉर्नरबॅक धसका घेऊन ७ यार्डांचं अंतर १० करतो, मग समोरचे त्याच्यापुढ्यात सोपे छोटे पास घेत बसतात. यात आळशीपणा कुणी केलेला नाही, उलट प्रत्येक जण जास्तीचं करायला गेला. कबड्डीत कोपऱ्यावरचा जागा सोडून मधल्याला वाचवायला धावला की चढाईवाला मोकळा सुटतो, तसंच हे.

चढाईच्या बाजूलाही हेच. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, चारदोन वेळा जोरात आपटलं की त्याची नजर लांबच्या साथीदारांवरून खाली येते आणि अंगावर येणाऱ्यांवर खिळते. मग तो चेंडू घाईनं फेकतो. पुढची रांग खुणेआधीच हलते, ५ यार्डांचा दंड बसतो. आणि त्या ४० सेकंदांत? माना खाली, हात कमरेवर, डोळे गुणफलकावर. २०२४ पासून प्रत्येक बाजूच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज पोचतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. तेवढ्यात त्यानं निरोप ऐकून दहा जणांना सांगायचा असतो. सात सेकंद चुकलेल्याकडे रागानं बघण्यात गेले, तर दोघांना एक ऐकू येतं आणि तिसऱ्याला भलतंच. पुढची चूक तिथेच ठरते.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी १९६७ च्या सुमारास कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. काहीही केलं तरी विजेचा झटका चुकत नाही हे शिकलेला प्राणी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही पडून राहतो. हरणारा संघ अगदी पडून राहत नाही, धावतो. पण आपल्या धावण्यानं निकाल बदलतो यावर त्याचा विश्वास नसतो. आत्मविश्वास कुठून येतो हे दुसरे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याला जमलेलं पाहणं, दुसऱ्यानं पटवून देणं आणि शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. यात पहिलं सर्वांत पक्कं. भाषण तिसऱ्या गटात मोडतं. सिनेमात कोच ड्रेसिंग रूममध्ये गर्जना करतो आणि पोरं पेटून उठतात ना, त्याचा असर पहिल्या दोन-तीन प्लेपुरता असतो, असं माझं मत.

सिग्नेटींनी आल्या आल्या पत्रकारांना "मी जिंकतो, गूगल करून बघा" असं सुनावलं आणि ते देशभर गाजलं. पण काम झालं ते निराळ्या गोष्टींनी. एक तर आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंचे मुख्य साहाय्यक कोच त्यांनी बरोबर आणले, म्हणजे कोचांना एकमेकांची भाषा शिकण्यात वेळ गेला नाही. दुसरं, तिथलेच डझनभर खेळाडूही आले. २०२१ पासून मुलांना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येतं, त्यामुळे हे शक्य झालं. या मुलांचं महत्त्व नुसत्या खेळात नव्हतं. नव्या कोचनं "हे असंच करायचं" म्हटलं की जुनी मुलं एकमेकांकडे बघतात, याआधीचाही असंच बोलायचा. पण शेजारच्या लॉकरचा मुलगा "आम्ही तिकडे हेच केलं आणि ११ सामने जिंकलो" म्हणाला की ती बंडुरांची दुसरी वाट झाली. लाइनबॅकर एडन फिशर हा त्यातला. बचावाच्या मधोमध उभा राहून बाकीच्यांना जागेवर लावणारा.

तिसरं म्हणजे निवड. कुणात किती दम दिसतो यापेक्षा कुणी मैदानावर प्रत्यक्ष काय करून दाखवलंय, हे ते पाहतात. त्यामुळे आलेली मुलं वयानं मोठी, दोन-तीन हंगाम खेळलेली होती. आणि चौथं, एकच वाक्य जे ते सतत घोकून घेतात: प्रत्येक प्ले सहा सेकंदांचा, गुण ०-० आहेत असं समजून खेळायचा, मागच्या यशाचाही परिणाम नको आणि अपयशाचाही. स्वतः ते कडेला उभे असताना हसत नाहीत. ६० गुणांनी पुढे असतानाही चेहरा तोच. टीव्हीवाल्यांनी त्याची चेष्टा केली, पण मुलांना ४० सेकंदांत कडेला पाहिल्यावर काही बदललेलं दिसू नये, एवढाच त्याचा उपयोग.

ते वाक्य अंगी कसं बाणवतात, हे तुम्हाला जास्त आवडेल. हंगामात आठवड्याला २० तासांहून जास्त सराव घेता येत नाही आणि एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. वसंतात फक्त १५ सराव. म्हणजे घाम जास्त गाळून कुणी पुढे जात नाही. सराव पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत कापतात, भोंगा वाजला की सगळे पळत पुढच्या जागी. 'अचानक बदला'चा एक सराव बहुतेक संघ घेतात. सगळे आपापल्या कामात असताना कोच ओरडतो, चेंडू गेला! बचावाच्या ११ जणांनी धावत येऊन स्वतःच्या गोलपासून २० यार्डांवर उभं राहायचं आणि तीन प्ले थोपवायचे. कुणामुळे चेंडू गेला यावर एक शब्द नाही. आठवड्यातून चार वेळा हे केलं की खऱ्या सामन्यात चेंडू गेल्यावर पाय आधी हलतात आणि रडगाणं मागे राहतं. दुसऱ्या दिवशी फिल्म पाहताना प्रत्येक प्लेला प्रत्येकाला दोनच खुणा: नेमलेलं काम केलं का, आणि जीव तोडून केलं का. दोन्ही बरोबर असून समोरच्यानं अफाट झेल घेतला, तर बोलणी नाहीत. उलट काम चुकवून नशिबानं वाचला, तर बोलणी आहेत. निकालाशी बांधलेली मनाची गाठ अशी सोडवतात. त्याला वेळ लागतो आणि कोचचीच जीभ आधी घसरते.

याचं फळ ८ नोव्हेंबर २०२५ ला पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानात दिसलं. २०-७ अशी पुढे असलेली इंडियाना २४-२० नं मागे पडली होती. दोन मिनिटांहून कमी वेळ, ८० यार्ड जायचं, आणि पहिल्याच प्लेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाला मागे आडवा केला. जुना संघ असता तर सामना तिथेच संपला असता. यांनी पुढचा प्ले लावला, मग त्याच्या पुढचा, आणि ३६ सेकंद उरले असताना ओमार कूपरनं मागच्या रेषेवर एका पायाची बोटं टेकवून झेल घेतला. २७-२४. गंमत म्हणजे कूपर बाहेरून आलेला नव्हता, ३-९ वाल्या संघातलाच होता.

पण बाबा, कोच बदलला की संघ उठतो असा समज करून घेऊ नका. कॉलेज फुटबॉलमधल्या कोचबदलांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अगदी तळाच्या संघांना बदलाचा फारसा फायदा झाला नाही आणि मधल्या संघांचं तर नुकसानच झालं. नवी पद्धत, नवे शब्द, निम्मी मुलं गेलेली, सगळं मुळापासून. कोलोराडो विद्यापीठाचं पाहा. २०२२ मध्ये १-११. डिऑन सँडर्स कोच म्हणून आले, पहिल्याच बैठकीत जुन्या मुलांना दुसरीकडे वाट धरा म्हणून सांगितलं आणि जवळजवळ सगळा संघ बदलला. २०२३ चे पहिले तीन सामने जिंकले, देश वेडा झाला. पुढे स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० अशी आघाडी असताना दोन जादा डावांत ४६-४३ नं हरले, आणि हंगाम ४-८ वर संपला. एकमेकांबरोबर संकट न पाहिलेली मुलं होती ती. पुढच्या वर्षी ९-४ झाले हेही खरं.

जिंकायला लागल्यावरची पडझड वेगळी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला गॅरी बार्नेट १९९२ मध्ये कोच म्हणून आले, तीन हंगाम हरण्यातच गेले. १९९५ च्या पहिल्या सामन्यापूर्वी त्यांनी मुलांना बजावलं, जिंकल्यावर मला खांद्यावर घेऊ नका, याआधी जिंकलेले असल्यासारखे वागा. नोटर डेमला १७-१५ नं हरवलं. आणि लगेच पुढच्या सामन्यात ओहायोतल्या मायामी विद्यापीठाकडून २८-७ अशी आघाडी घेऊन ३०-२८ हरले! त्या वर्षी ते बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचे विजेते ठरले, पण आघाडी पेलणं वेगळं शिकवावं लागतं, हे तेव्हा दिसलं. सिग्नेटी यशाचाही परिणाम नको म्हणतात ते यासाठीच.

आई, तू विचारलंस की काढलेल्या मुलांचं काय होतं. कोच गेला की मुलांना ३० दिवस बाहेर पडायची मुभा असे, आणि नवा कोच एकेकाला बोलावून दहा-पंधरा मिनिटांत सांगतो की इथे तुला खेळायला मिळणार नाही. म्हणायला निर्णय मुलाचा. विद्यापीठ बदललं की झालेले सगळे विषय तिकडे धरले जातातच असं नाही, आणि बाहेर पडलेल्या पुष्कळ मुलांना दुसरा संघ मिळतच नाही. विजयाच्या बातम्यांत हे छापून येत नाही. मला ते बरोबर वाटत नाही, नियमात बसत असलं तरी.

म्हणूनच बाबा, तुमच्या जागी आलेल्या नव्या सरांना यातलं काही सांगायचं असेल तर इंडियाना नको, कॅन्सस स्टेट सांगा. शाळेत पोरं बदलून मिळत नाहीत. बिल स्नायडर आले तेव्हा तो संघ सलग २७ सामने जिंकला नव्हता, मध्ये एक बरोबरी तेवढी. १९८९ मध्ये एकच सामना जिंकले, नॉर्थ टेक्सासविरुद्ध २०-१७, तोही शेवटच्या प्लेला. पुढच्या वर्षी ५-६, मग ७-४. स्नायडरनी विजयाचा आकडा बोलायचाच नाही, कालच्यापेक्षा आज काय सुधारलं एवढंच विचारायचं, हे ठरवलं. आणि व्यवहार सोडला नाही: पुढे हंगामाच्या सुरुवातीला हलके संघ मुद्दाम बोलावले. त्याबद्दल लोक नाक मुरडत, पण ज्यांनी जिंकलेलंच नाही त्यांना पहिला घास मऊच द्यावा लागतो.

सरांनी तालुक्याआधी जवळच्या दोन सोप्या शाळांशी सामने ठरवावेत. वहीत प्रत्येक मुलापुढे दोन रकाने: नेमलेली जागा धरली का, जोर लावला का. गुण तिसऱ्या पानावर, आणि ते मुलांना दाखवायचे नाहीत. बाद झालेला मुलगा बाहेर येताना त्याच्याशी कुणी काय बोलायचं तेही आधी ठरवून द्यावं, नाहीतर सगळेच बोलतात. दोन महिन्यांत काय दिसतं ते मला कळवा.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला का? व्हॉट्सॲपवर रिपोर्ट टाका.

तुमची
मनू