सात खणांची डबी

मेलबर्न

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आई 'जेवलीस का' विचारते आणि माझं सगळं अवसान गळतं, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

मी नोकरी सोडली. दोन आठवडे झाले. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडून मला पुढे जाता आलं नसतं. घाबरू नका. घराचा हप्ता अभिजितच्या पगारातून जातोय, माझी थोडी शिल्लक आहे, आणि फ्रीझरमध्ये आईने पाठवलेल्या भाजणीचं अजून अर्धं पाकीट आहे. म्हणजे उपाशी नाही.

आता काय करतेय ते. इथे टेफ म्हणून सरकारी संस्था असतात, आपल्याकडचं आयटीआय आणि पॉलिटेक्निक एकत्र केल्यासारख्या. तिथे मी 'सर्टिफिकेट फोर इन मेंटल हेल्थ पीअर वर्क' शिकतेय. मराठीत काय म्हणावं कळत नाही. ज्याने स्वतः मानसिक आजार काढलाय त्याने त्याच वाटेवरच्या दुसऱ्याला सोबत करायची, आणि त्याचा रीतसर पगार घ्यायचा. डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. निदान करायचं नाही, गोळ्यांबद्दल मत द्यायचं नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. (आई, हसू नकोस. मी शिकतेय.) २०२१ साली इथल्या व्हिक्टोरिया राज्यात मानसिक आरोग्याच्या रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाचा, अहवाल आला, ६५ शिफारशींचा. आजारातून गेलेल्या माणसांना या व्यवस्थेत मानाची जागा द्या, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तेव्हा हे कुठलं तरी फॅड आहे असं समजू नका, बाबा. पगार आधीपेक्षा कमी असेल, ते मात्र खरं.

प्रवेशाची अट एकच महत्त्वाची: स्वतःचा अनुभव हवा. त्या पावसाळ्याचं आपण विट्याच्या आत्यालाही कळू दिलं नाही, सगळ्यांना टायफॉइड सांगितला, आणि इथे फॉर्मवर नेमकं तेच विचारलं होतं. पेन हातात धरून बराच वेळ बसले होते. मग लिहिलं, बायपोलर.

टायफॉइडचं माझ्या मनात काही नाही, खरंच. आई, तू तो इतका मनापासून निभावलास की मला महिनाभर पेजच प्यावी लागली! मेतकूट आणि वर तुपाची धार. अजून कधी रात्री उठून करते. तुझ्यासारखी होत नाही.

मला मात्र सारखं आठवतं ते बाबांचं पुण्याला जाणं. 'सा'च्या पालकांच्या सभेला तुम्ही कुणाला न सांगता गेलात. कॅलगरीतल्या जगन्नाथ वाणींनी पुण्यात सुरू केलेली ही संस्था स्किझोफ्रेनियासाठी, माझा आजार वेगळा, पण तुम्हाला दारात कुणी अडवलं नाही. रात्रीच्या एसटीने परत आलात तेव्हा पिशवीत सात खणांची गोळ्यांची डबी होती. तिथल्या कुणा काकांनी सांगितलं होतं, पोरीला 'गोळी घेतली का' विचारत बसू नका. रविवारी डबी भरा, आणि खण रिकामा दिसला की गप्प बसा. त्या दिवसापासून घरात तो प्रश्न बंद झाला. आईला जड गेलं, पण बंद झाला.

बाबा, ते काका वीज मंडळात होते ना? त्यांचा मुलगा आजारी होता. त्यांच्याकडे कसलं सर्टिफिकेट नव्हतं. त्यांनी तुमच्यासाठी जे केलं तेच मी शिकायला गेलेय. इथे तर घरच्यांच्या सोबतीला घरचंच माणूस नेमायची वेगळी जागा असते, केअरर पीअर वर्कर म्हणतात. तुम्ही दोघं इथे असता तर मी तुमचाच अर्ज भरला असता.

दुसऱ्यांचं ऐकून पोर पुन्हा आजारी पडेल, हे तुमच्या मनात आलंच असेल. माझ्याही येतं. म्हणून सांगते: ८० तासांचं प्रत्यक्ष काम आहे, पण एकटीवर सोडत नाहीत. अनुभवी पीअर वर्करबरोबर बसून मनात काय साठलं ते बोलावंच लागतं. लिथियम चालू आहे, तीन महिन्यांनी रक्त तपासते, रात्री साडेदहाला झोपते. अभिजितला विचारा हवं तर.

वर्गात एक गोष्ट शिकवली. आपली कहाणी सांगताना तिच्यातल्या बाकीच्यांचाही विचार करायचा. म्हणून विचारते. पेज सांगितली तर चालेल? डबी? गच्चीचं कुलूप मी कुणाला सांगणार नाही. ते आपल्या तिघांचं.

आता तुमच्याकडे वळते. बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही. हे वाक्य तुमचंच आहे. आई, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मार, नाहीतर डबे राहू देत वर. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर आलं की त्याच दिवशी मिरजेला नानाकाकांकडे जायचं, ४५ ची वाट बघत बसायचं नाही. २०१९ च्या पुरात काय झालं ते दोघांनाही माहीत आहे. आणि बाबा, तुम्हाला झोप लागत नाही असं आई म्हणते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. वेडाबिडाचं काही नाही, नुसतं झोपेचं बोलायचं असलं तरी चालतं. लिहिलंत की फोटो पाठवा, मी बघणार आहे.

विट्याच्या आत्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. 'शिकतेय' एवढं पुरे आहे. फक्त टायफॉइड पुन्हा नको.

तुमची
चिमी

ता. क. डबीच्या गुरुवारच्या खणाचं झाकण तुटलंय. इथे अशा डब्या ढिगाने मिळतात, पण त्यांच्यावर वार इंग्रजीत असतात. बाबा, पुढच्या पार्सलमध्ये एक नवी टाका, आणि सो, मं, बु तुमच्याच स्केचपेनने लिहा.