तुझा ॲप्रन इथेच राहिला

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

तुला सोलापूरला गाडीत बसवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तुझा ॲप्रन दोरीवरच राहिला होता. आई म्हणाली, भिजत घालते. त्याआधी मी तो अंगणात झटकला. ऊन कोवळं होतं. त्या उन्हात पांढरा धुरळा उठला आणि किती तरी वेळ खाली बसेना. आपल्या तळ्याच्या मातीची धूळ झटकली की पायाशी पडते. ही तरंगतच राहिली. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

तुझ्या खोकल्याचं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. आधी इकडचं सांगतो. सुगडं सगळी खपली. तू काढलेली बायका निवडून निवडून नेत होत्या. मारुतीच्या देवळाजवळच्या मावशींनी पाच मागितली होती, काठ पाहून दहा नेली. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तुझ्या सुगडाची कड बोटाला लागते तेव्हा कळतं की ओढताना मध्ये कुठे थांबलेली नाहीस. मला हे जमायला पस्तिशी उलटावी लागली.

तू आठ वर्षांची होतीस. मी बाजारावरून आलो तर तू चाकावर, भिंतीवर माती, अंगावर माती आणि आज्जी कपाळ बडवून घेतेय की पोरीने चाकाला हात लावला. आपल्या घरात बायकांनी माती चाळायची, लीद कालवायची, माठाला काव लावायची, डोक्यावर पाटी घेऊन गावं फिरायची; चाक तेवढं पुरुषाचं. मीही तुला दंडाला धरून खाली उतरवलं. रात्री अंथरुणात तू विचारलंस, "आप्पा, मी मुलगी आहे हे चाकाला कसं कळतं?" मला उत्तर आलं नाही. आज्जी गेल्यावर मी तुला चाकावर बसवलं, पण ते आधीच करायला हवं होतं. त्या दिवशी दंडावर वळ उठले होते. तू विसरली असशील, मी नाही.

म्हणून तू पाँडिचेरीला जाते म्हणालीस तेव्हा मी अडवलं नाही. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ ही दोघं अमेरिकेहून येऊन १९७१ साली तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी काढतात, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या ताईंकडे आपल्या गल्लीतली पोर शिकते, हे मी आक्काकडे दहा वेळा सांगितलंय. तू दिलेला तो निळसर वाडगा मी पाणी भरून रात्रभर फडताळावर ठेवला होता. सकाळी खालचं फळकूट कोरडं. आपला माठ झिरपतो म्हणून तर पाणी गार होतं. तुझं भांडं थेंब सोडत नाही. माती तीच म्हणावी तर तसंही नाही. आपला आवा नऊशे अंशांच्या आतच विझतो आणि तुझी भट्टी १,२८० पर्यंत चढते, हे तूच सांगितलंस. तेवढ्या आचेत माती नुसती भाजत नाही, काचेसारखी आवळून येते.

आणि ती काच कशाची, तेही तूच सांगितलंस. गारगोटीची. तिथेच माझा जीव अडकतो.

थोरले अण्णा पांढरा दगड दळायच्या कारखान्यात होते, एवढंच तुला माहीत आहे. शनिवारी घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. म्हातारा आला, म्हातारा आला म्हणून आम्ही पोरं नाचायचो. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. पस्तिशीत खोकला लागला. टीबी म्हणून दीड वर्ष गोळ्या दिल्या, फरक नाही. मग एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? तोवर कुणी विचारलंच नव्हतं. गारेचं पीठ छातीत बसलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे एकदा बसलं की काढायचं औषध नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. शेवटचे चार महिने आडवं होता येत नव्हतं, उशांना टेकून बसूनच झोपायचे.

स्टेशनवर तू म्हणालीस, "आप्पा, तुम्ही चाळीस वर्षं मातीत आहात, तुम्हाला काय झालं?" गाडी सुटत होती, मला बोलता आलं नाही. आता सांगतो. मी ओल्या मातीत आहे. तळ्यातून काढली, भिजवली, तुडवली, अंगणात बसून घडवली. वर आभाळ, चारी बाजूंनी वारा. राख आणि लीद चाळताना माझ्याही नाकात जातं, तेव्हा मीसुद्धा काही मोठा शहाणा नाही. पण तुझी शेड बंद आहे. क्वार्ट्झ म्हणजे तीच गारगोटी, फेल्डस्पार, चिनी माती, सगळं पोत्यातून कोरडं येतं, मैद्यासारखं. तू ते मापून बादलीत ओततेस. वाळलेलं भांडं सँडपेपरने घासतेस. मागच्या वेळी ग्लेझचा काचेचा लेप ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटला, अख्खी भट्टी वाया गेली, तू फोनवर रडलीस आणि म्हणालीस की आता ग्राइंडरने शेल्फ साफ करतेय. मी तुला समजावलं, भट्टी जाते, माणूस शिकतो. आणि ग्राइंडर चालवताना तोंडाला काय लावतेस, हे विचारायचं राहिलं. ते माझ्या मनातून जात नाही.

जी धूळ दिसते ती फार आत जात नाही, जी दिसत नाही तीच जाते. तेव्हा शेड झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. पावडर ओतताना हळू, पाण्याजवळ धरून. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. अण्णाही उपरणं बांधायचे. एन-९५ मास्क, नाकावर घट्ट बसणारा. घासायचं ते ओलं करून. काम झालं की ॲप्रन तिथेच काढायचा, तो घालून जेवायला बसायचं नाही, आणि गावाला तर आणायचाच नाही. आणि

बघ, पुन्हा सुरू झालो. हे सगळं तुला तुझ्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं असेल. भिंतीवर लिहूनही लावलं असेल. बापाने तेच परत सांगितलं की पोर चिडते, हे मला कळतं. रागावू नकोस.

दर चैत्रात आपण तेरला जातो. गोरोबाकाका विठ्ठलाच्या नामात माती तुडवताहेत आणि पोर रांगत पायाखाली येतं, तिथे कीर्तन आलं की मी बाहेर चपला शोधायला जातो. तू एकदा विचारलं होतंस, आप्पा दर वेळी मध्येच का उठता. तेव्हा मी पाय आखडले म्हणालो होतो.

ते काम सोड असं मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. तुझा मग नऊशे रुपयांना जातो, त्यात भाडं आणि गॅस किती जातो तेही मला ठाऊक आहे. मास्क आणि व्हॅक्युमचे पैसे मी पाठवतो, सुगडांचे आहेत. तुझ्याच हातची सुगडं होती, तेव्हा नाही म्हणू नकोस.

तीन रात्री तू खोकत होतीस. थंडी असेल, इथे पहाटे गारठा होताच. तरी एक्सरे काढ. तिथल्या डॉक्टरांना आधी सांग की मी चिनी मातीचं काम करते. ते विचारतील म्हणून थांबू नकोस. अण्णांची फिल्म अजून माझ्या ट्रंकेत आहे. परवा काढून उन्हाला धरली होती. आईला बोलू नकोस.

ॲप्रन दोन पाण्यांत धुतला, आता पांढरं निघत नाही. वाळला की पार्सल करतो, सोबत तिळाचे लाडू आहेत. एक्सरेचा फोटो आक्काच्या मुलाच्या फोनवर पाठव, माझ्या फोनवर उघडत नाही. काढलास की लगेच पाठव, रात्र असली तरी.

तुझा
आप्पा