परत लावू की

अक्का,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, ते मला माहीत आहे. तुमची शाळा तेलुगूत झाली, तीही चौथीपर्यंत. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल आणि मधेच कंटाळून म्हणेल, "लई मोठं लिवलंय की." तरी त्याला शेवटपर्यंत वाचायला लावा. समोर बोलायला गेले की तुम्ही "चहा घे" म्हणता आणि विषय तिथंच संपतो.

सगळ्यांसमोर लिहायचं कारण वेगळं आहे. परवा आमच्या गारमेंटमधल्या दोघी जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसल्या. जानेवारी जवळ आला की आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या प्रवेशाच्या, फॉर्मची चर्चा सुरू होते. "तुझ्या पोरीचं कसं झालं गं? कुणाला धरलं होतंस?" त्यांना वाटलं, एखादा पुढारी असेल. मी म्हटलं, अक्कांना धरलं. कोण अक्का? घरी विड्या वळतात त्या. दोघी हसल्या. त्यांना वाटलं, मी नाव लपवतेय.

तर जे झालं ते सांगते. तुम्हालाही त्यातलं अर्धंच माहीत आहे.

आम्ही तेव्हा सोलापुरात बाळे भागात राहत होतो. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, मी पूर्व भागात शाळेचे युनिफॉर्म शिवायला. दोघांनाही रोज गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं लागायचं. सोलापूरचे युनिफॉर्म कुठं कुठं जातात, तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे शर्ट आणि पिनोफ्रॉक शिवायचे, खिशावर शाळेचा बिल्ला लावायचा आणि संध्याकाळी घरी येऊन विचार करायचा की आपल्या पोरीच्या खिशावर कुठला बिल्ला लागणार.

२०२४ साली पहिल्यांदा फॉर्म भरला. खासगी शाळेत २५ टक्के जागा आपल्यासारख्यांच्या पोरांना, फी सरकार भरणार, असा तो कायदा. त्या वर्षी त्याचाही खेळ झाला. फेब्रुवारीत सरकारनं नियम काढला की ज्या खासगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या जागा द्यायची गरज नाही. सोलापुरात अशा किती शाळा उरल्या असत्या? मे महिन्यात हायकोर्टानं त्याला स्थगिती दिली, परत फॉर्म भरायला लावले, आणि जुलैत तो नियमच रद्द केला. एवढं सगळं पार पडून लॉटरीत आमच्या पोरीचं नाव लागलं. मी त्या दिवशी गारमेंटमध्ये पेढे वाटले. वाटायला नको होते.

पडताळणीत गाडं अडलं. आमचा भाडेकरार नोटरीचा होता. आधीचे घरमालक म्हणाले होते, "नोटरी चालते, सगळे तेच देतात." फॉर्म भरून देणाराही तेच म्हणाला होता, पन्नास रुपये जास्त घेऊन. कागद बघणाऱ्या बाबूनं मला तीन चकरा मारायला लावल्या. पहिल्यांदा फोटो कमी, दुसऱ्यांदा साहेब नाहीत, तिसऱ्यांदा म्हणाला, "रजिस्टर करार लागतो, हे चालणार नाही." तो नोटरीचा कागद पहिल्या दिवसापासून त्याच्या पुढ्यात होता. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर जागा वाचली नसती, कारण करार फॉर्म भरायच्या आधीचा लागतो. पण माझे दोन खाडे वाचले असते, आणि पोरीला "पुढच्या सोमवारी शाळा" असं दोनदा सांगावं लागलं नसतं.

तेव्हाच ठरवलं की आता घर बघायचं ते शाळा बघून, कारण शाळेच्या १ किलोमीटरच्या आतल्या पोरांचा नंबर आधी लागायचा. भाडं किती, गच्ची आहे का, पाणी कसं, हे नंतर. रात्री हे मोबाईलवर नकाशा काढायचे. मी माझी काचेची बांगडी त्यावर ठेवायची, मधोमध शाळा, आणि कडेपर्यंत १ किलोमीटर बसेल एवढा नकाशा लहान-मोठा करायचा. बांगडीच्या आत जे गल्लीबोळ येतील तिथं रविवारी चालत जायचं, "खोली भाड्याने देणे" लिहिलेलं शोधत. फॉर्मात तेव्हा १० शाळा निवडता यायच्या, म्हणून जिथं दोन-तीन बांगड्या एकमेकींवर चढतात ती जागा सगळ्यात चांगली. अशी जागा कामाजवळ निघाली, तुमच्या पेठेत. हे म्हणाले, लोक पत्रिका बघून घर घेतात, आपण बांगडी बघून.

पण बांगडीतल्या घरांना मालकही होते.

पहिल्यानं आडनाव विचारलं. सांगितल्यावर त्याला एकदम आठवलं की खोली कालच दिली. पाटी मात्र पुढचे पंधरा दिवस तिथंच होती. पुढं १२ जानेवारीला त्याच्या स्टेटसला चार हुतात्म्यांचा फोटो दिसला. धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन, १९३१ साली एकाच दिवशी फासावर गेलेले. त्या चौघांतल्या कितीजणांना यानं खोली दिली असती, मला मोजायचं होतं.

दुसरा म्हणाला, "रजिस्टर करार करून देऊ आणि उद्या तुम्ही घरच बळकावाल?" तिसरा सगळ्यात गोड बोलला. पाच हजार द्या, कागद करून देतो, राहायला यायची गरज नाही. त्याच्या दारातून बाहेर पडल्यावर यांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पत्ता खोटा निघाला की प्रवेश रद्द होतो, ही भीती होतीच, पण तेवढंच नव्हतं. खोट्या पत्त्यावर बसलेलं पोर खऱ्या पत्त्यावरच्या कुणाला तरी उठवून बसतं. एक वर्ष उठवलेलं राहून मला ते चांगलं कळलं होतं.

मग तुमचं दार. तुम्ही उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसला होता. मान वर न करता म्हणालात, "राहणार ना? नुसता कागद पाहिजे असला तर नको." मी म्हटलं, राहणार. तुम्ही म्हणालात, "नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. हौदातलं सांभाळून घ्यायचं." झाला व्यवहार. रजिस्टर कराराचं मी घाबरत घाबरत काढलं, तर तुम्ही विचारलंत, "मला कुठं यावं लागतंय?" एवढंच. कशाला पाहिजे, माझं काय नुकसान, कुणाला विचारून सांगते, यातलं काहीच नाही.

आता तो डिसेंबरचा दिवस. तुम्ही विसरला असाल, मी नाही.

करार ऑनलाइन करून देणाऱ्याच्या दुकानात आपण सकाळी अकराला गेलो. फोटो झाला. माझा अंगठा लागला, यांचा लागला, साक्षीदारांचे लागले. तुमचा लागेना. तुम्ही ठेवला, लाल दिवा. परत ठेवला, लाल. तो पोरगा म्हणाला, "आजी, रेषाच नाहीत तुमच्या अंगठ्याला." चाळीस वर्षं तेंदूची पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून त्या रेषा कुठल्या राहणार? वर थंडीनं कातडी तडकलेली. दुकानात मागं माणसं थांबली होती. कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्याचं करून घ्या तोवर." पोरगा माझ्याकडं वळून बोलला, तुमच्याकडं नाही. "मॅडम, दुसरं घर बघा. यांचं होणार नाही."

मला रडू आलं होतं. तुमचा दिवस मोडला, हजार विड्यांतली एकही झाली नव्हती, आणि मी तर अजून तुमच्या घरात राहायलाही आले नव्हते. मी म्हटलं, "राहू द्या अक्का, चला."

तुम्ही उठून बाहेर गेलात. मला वाटलं, घरी निघालात. तुम्ही रांजणातल्या पाण्यानं हात धुतलेत, पदरानं एकेक बोट पुसलंत, जपून, जशी पूजेची भांडी पुसतात. अंगठ्यावर तोंडानं वाफ सोडलीत आणि परत येऊन खुर्चीत बसलात. "परत लावू की. अंगठा कुठं पळून जातोय?"

लाल.

"परत लावू की."

किती वेळा, मी मोजलं नाही. मशीनवाल्या पोराचा आवाज हळूहळू खाली आला. आधी "आजी" म्हणत होता, मग "अक्का" म्हणायला लागला. मग त्यानंच एकेक बोट करून बघितलं. शेवटी डाव्या हाताची करंगळी. विडी वळताना तिला फारसं काम नसतं म्हणून वाचली असेल. हिरवा दिवा लागला तेव्हा मागं थांबलेल्यांतला एकजण "हां!" म्हणाला, जणू विकेट पडली. तुम्ही करंगळीकडं बघून तेलुगूत काहीतरी पुटपुटलात आणि मला म्हणालात, "चल, पोरगी एकटी असंल."

त्या दिवशीच्या विड्या तुम्ही रात्री जागून वळल्यात, हे तुमच्या सूनबाईंनी मला नंतर सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत.

माणुसकीवर लोक भाषणं करतात, फ्लेक्स लावतात. मी भाषणं ऐकायला जात नाही, वेळ नसतो. पण मला वाटतं, बहुतेक माणसं वाईट नसतातच. ती फक्त पहिल्या लाल दिव्याला उठतात. बाबूही तसाच, मालकही तसेच. शाळांचंही थोडं खरं आहे, सरकारकडून फीचे पैसे वेळेवर येत नाहीत अशी त्यांची ओरड असते आणि ती खोटी नाही. प्रत्येकाजवळ कारण असतं. तुमच्याजवळ तर सगळ्यात चांगलं कारण होतं, मशीननंच नाही म्हटलं होतं. कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती. मीसुद्धा नाही.

जानेवारीत फॉर्म भरला, तिकडं सिद्धेश्वरच्या जत्रेचा गड्डा भरला होता आणि पोरगी पाळण्यासाठी रडत होती. फेब्रुवारीच्या लॉटरीत नाव लागलं नाही, प्रतीक्षा यादीत गेलं. तुम्ही रोज विचारायचात, "आलं का?" मेसेज आला तेव्हा मी मशीनवर होते, हातातला शर्ट तिरका शिवला गेला. पडताळणीला गेले तर यावेळी तिथं एक मॅडम होत्या. त्यांनी करार उलटा-पालटा केला आणि शेवटच्या पानावर थांबल्या. तिथं तुमचा फोटो आहे, कपाळावर मोठं कुंकू, आणि शेजारी ठसा. तो ठसा म्हणजे नुसता राखाडी डाग, रेष एकही नाही. माझ्या पोटात गोळा आला. मॅडम म्हणाल्या, "विडी कामगार का?" मी हो म्हटलं. त्यांनी शिक्का मारला. म्हणाल्या, "माझी आई पण."

आता पोरगी पहिलीत आहे. ज्या शाळेच्या शर्टांना मी दोन वर्षं काज-बटण केलं, त्याच शाळेत. बिल्ला मीच लावला, जरा वाकडाच बसला. संध्याकाळी ती तुमच्याजवळ बसते, तुम्ही तिला तंबाखूच्या सुपाला हात लावू देत नाही, पण विड्यांचे कट्टे मोजायला देता. शाळेत वन टू थ्री आणि तुमच्या उंबऱ्यावर ओकटी, रेंडु, मूडु. तुम्ही तिला तेलुगूत "बिड्डा", म्हणजे बाळ, म्हणता. परवा मला विचारत होती, "बिड्डा म्हणजे माझं नाव का?" मी हो म्हटलं.

आणखी एक काम आहे, त्यासाठीही हे लिहिलं. आपला करार ११ महिन्यांचा, तो या महिन्यात संपतोय. परत दुकानात जावं लागेल, मशीनही तेच आहे. मी मेडिकलमधून ग्लिसरीनची बाटली आणून तुमच्या देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आहे, निळं झाकण. आठ दिवस रोज रात्री झोपताना लावा, सगळ्या बोटांना. करंगळीला विसरू नका. रविवारचं ठरवते, म्हणजे तुमचा दिवस मोडणार नाही.

तुमची,
वरच्या खोलीतली