यकृतकृमीचा अंगरखा आणि लशीची घाई

महोदय,

आपल्या विज्ञान पानावर गेल्या आठवड्यात ‘यकृतकृमींवर लस आली’ अशा मथळ्याची बातमी वाचली. कृमीच्या अंगावरचे एक प्रथिन ओळखले गेले, त्यापासून लस होऊ शकेल, एवढाच आतला मजकूर. मथळ्याने मात्र लस बाटलीत भरूनही टाकली. बत्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि त्यातला बराच काळ या पर्णकृमींच्या (यकृतकृमी हा याच चपट्या कृमींचा एक गट) मागे घालवला, म्हणून राहवले नाही. अंगावरचे प्रथिन म्हणजे सोपे लक्ष्य, हे बातमीने गृहीत धरले आहे आणि या कृमीच्या बाबतीत नेमके तेच सर्वांत कच्चे आहे.

हा प्राणी जिवंत पाहिलेली माणसे थोडीच असतील. प्रात्यक्षिकासाठी आम्ही गुराचे यकृत आणायचो. पित्तनलिका कापताना सुरी करकर वाजायची, कारण जुन्या संसर्गात गुरांच्या नलिकांच्या भिंतीत चुना साठतो. आतून दोन-तीन सेंटिमीटरचे, पानासारखे चपटे फॅसिओला, म्हणजे गुरामेंढ्यांचे यकृतकृमी, निघायचे. कोमट मिठाच्या पाण्यात सोडले की कडा आक्रसायचे, पुन्हा पसरायचे आणि थोड्या वेळाने पाणी तपकिरी व्हायचे. विद्यार्थ्यांना वाटे, मेले. मेलेले नसत, पोटातले ओकत असत. ही ओकारी लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

भिंगाखाली या कृमीच्या अंगभर बारीक काटे दिसतात. काट्यांभोवतीच्या थराला आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘क्युटिकल’ म्हणत, म्हणजे झुरळाच्या कवचासारखे काहीतरी निर्जीव. १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो समज मोडीत काढला. (तरी पुढे कित्येक वर्षे उत्तरपत्रिकांत ‘क्युटिकल’च येत राहिले आणि आम्ही गुण देत राहिलो.) तो थर चांगला जिवंत आहे. मध्ये पेशींच्या भिंती नाहीत, सगळा एकसंध पडदा. केंद्रके खाली, स्नायूंच्याही आत, आणि तिथून दोऱ्यांसारख्या बारीक वाटांनी माल वर येतो. सर्वांत बाहेर शर्करेने माखलेली साय. लशीसाठी अंगावरच्या ज्या प्रथिनांची नावे घेतली जातात ती या पडद्यात, या सायीच्या आडोशाला बसलेली असतात.

आणि ही साय कृमी एकसारखी टाकत असतो. चाऱ्यावर चिकटलेल्या पुटीतून, म्हणजे इवल्याशा कवचातून, पोटात गेलेले पिल्लू आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत उतरते, काही दिवसांत यकृतात शिरते आणि सहा-सात आठवडे यकृत कुरतडत पित्तनलिकेपर्यंत जाते. या वाटेवर प्रतिपिंडे, म्हणजे शत्रूला चिकटण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने, त्याला गाठत नाहीत असे नाही. गाठतात, चिकटतात. पण १९८० साली हॅना या संशोधकाने दाखवले की प्रतिपिंडे चिकटली की पिल्लू ती साय प्रतिपिंडांसकट उतरवून टाकते आणि खालून काही तासांत नवी चढवते. पोलिसाच्या हातात सदरा राहावा आणि चोर पसार व्हावा, तसा प्रकार. शिवाय वाढीबरोबर सायीचा माल पुरवणारे कणही बदलतात, त्यामुळे आतड्यातून निघालेल्या पिल्लाचा अंगरखा आणि पित्तनलिकेत स्थिरावलेल्या प्रौढाचा अंगरखा वेगळा. प्रौढ कृमीच्या अंगावर सापडलेले प्रथिन पाहून लस केली आणि पिल्लाच्या अंगावर ते नसलेच, तर प्रतिपिंडांनी वाट कुठे अडवायची? यकृताची खरी नासधूस तर पिल्लेच करतात.

साखरेचे दुखणे आणखी निराळे. प्रयोगशाळेत असे प्रथिन बहुधा जिवाणूंकडून करवून घेतात. त्यांच्याकडून आलेल्या प्रथिनावर कृमीच्या प्रथिनावर असतात तशा शर्करेच्या साखळ्या चढत नाहीत. प्राण्याला टोचले की प्रतिपिंडे भरपूर तयार होतात, अहवालात आलेख झकास दिसतो, पण ती प्रतिपिंडे उघड्या प्रथिनाची; खऱ्या कृमीवर ते साखरेखाली झाकलेले.

एक उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. इंडोनेशियातली बारीक शेपटीची मेंढी फॅसिओला जायगँटिका या कृमीला सहजी बळी पडत नाही. तिच्या पांढऱ्या पेशी, त्यातही इओसिनोफिल, प्रतिपिंडांच्या मदतीने त्याच्या पिल्लांना चिकटतात आणि मारतात. हे काचेच्या बशीतही घडवून दाखवले गेले आहे. त्याच मेंढीत त्याचा सख्खा भाऊ फॅसिओला हेपॅटिका मात्र खुशाल वाढतो. बशीतही त्याची पिल्ले तगतात. दोघे इतके सारखे की नवख्याला वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणजे प्रतिपिंड अंगावर बसले म्हणून काम झाले असे नाही. त्यानंतर होणारा मारा झेलण्याची ताकद कृमीत किती आहे, हाही प्रश्न उरतोच.

आता ती ओकारी. प्रौढ कृमी रक्त पितो, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे आपल्या तोंडानेच पोटात घेतो. त्याच्या आतड्यातून कॅथेप्सिन एल नावाची विकरे (प्रथिने तोडणारी एन्झाइमे) बाहेर पडतात आणि ती यजमानाची, म्हणजे ज्याच्या अंगात कृमी राहतो त्या प्राण्याची, प्रतिपिंडेही तोडतात. लशीच्या शोधात बराच काळ भर राहिला तो अशा पोटातल्या प्रथिनांवर. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मेंढ्यांवरच्या प्रयोगात, कृमीच्या आतड्याच्या अस्तरातल्या ल्युसिन अमिनोपेप्टिडेज या प्रथिनाने कृमींची संख्या ८९ टक्क्यांनी घटवली होती. आकडा वाचून हुरळून जावे असाच. तरी त्यावरची लस अजून बाजारात नाही. याउलट मेंढ्यांच्या जठरात रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस या गोलकृमीवर लस आहे, ऑस्ट्रेलियात २०१४ पासून. तीही कृमीच्या पोटातल्या प्रथिनांची. गंमत अशी की ही प्रथिने अजून खऱ्या कृमींमधूनच काढावी लागतात. जिवाणूंकडून करवून घेतलेली तितकी चालली नाहीत. साखरेची आणि प्रथिनाची घडी नीट पडण्याची गोष्ट इथेही आडवी आलीच.

मग अंगावरची प्रथिने बाद करायची का? माझे मत तसे नाही. फक्त त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यायचे याचा विचार बदलायला हवा. टेट्रास्पॅनिन नावाची प्रथिने घ्या. कापडात सुई चार वेळा आरपार जावी तशी ही पडद्यातून चारदा जातात आणि बाहेर दोन फास राहतात, एक लहान, एक मोठा. तो मोठा फास लशीसाठी वापरतात. रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमा या पर्णकृमीत २००६ साली असे आढळले की निसर्गतः संसर्गाला दाद न देणाऱ्या माणसांच्या रक्तात टेट्रास्पॅनिन-२ विरुद्धची प्रतिपिंडे होती, दीर्घकाळ संसर्ग असलेल्यांच्या रक्तात नव्हती. तिथून या प्रथिनाची लस माणसांवरच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांपर्यंत गेली.

थायलंड आणि लाओसमध्ये कच्च्या माशांतून माणसात शिरणारा ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी हा यकृतकृमी याहून महत्त्वाचा, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. हा कृमी आपल्या अंगावरून अतिसूक्ष्म पुटिका (पडद्याच्या इवल्या पिशव्या) सोडतो, त्या पित्तनलिकेच्या अस्तरातल्या पेशी गिळतात आणि त्या पेशी भराभर वाढू लागतात. या पुटिकांच्या आवरणात टेट्रास्पॅनिन असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले की टेट्रास्पॅनिनविरोधी प्रतिपिंडे मिसळली तर पेशी त्या पुटिका घेत नाहीत. इथे कृमीने अंगरखा बदलला तरी बिघडत नाही, कारण निशाणा अंगरख्यावर नसून त्यातून निसटणाऱ्या चिंध्यांवर आहे. कृमी मरो न मरो, त्याचा उपद्रव थांबवायचा. अशा लशींच्या हॅम्स्टरवरच्या प्रयोगांत कृमींची संख्या घटली, संपली नाही. माझ्या लेखी तरीही अंगावरच्या प्रथिनांचे खरे काम इथेच आहे. आपल्या बातमीत याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

लस हवी यात दुमत नाही. फॅसिओलाची कोवळी पिल्लेही मारणारे ट्रायक्लाबेंडॅझोल हे एकच खात्रीचे औषध, आणि त्याला न जुमानणारे कृमी ऑस्ट्रेलियातून १९९५ सालीच नोंदवले गेले. ऑपिस्थॉर्किसवर प्राझिक्वांटेल हे औषध चालते, पण औषध घेऊन बरा झालेला माणूस पुन्हा कच्चा मासा खातो आणि पुन्हा कृमी येतात.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी छापताना प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला ते लिहावे. उंदीर, हॅम्स्टर, मेंढी आणि गाय यांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. आणि घट टक्क्यांत देताना कशाची घट ते सांगावे. यकृत उघडून मोजलेले कृमी कमी झाले, की शेणातली अंडी कमी झाली? एक कृमी दिवसाला वीस हजारांच्या घरात अंडी घालतो. कृमी तेवढेच राहून अंडी निम्म्यावर आली तर कुरणाचा फायदा होईल, ज्यांच्या अंगात ही पिल्ले आधी वाढतात त्या गोगलगायींपर्यंत कमी माल पोहोचेल; त्या गायीच्या यकृताला मात्र काही दिलासा नाही. दोन्ही उपयोगाचे आहे, पण एकाच आकड्यात कोंबू नये.

ता.क. बातमीसोबतचे चित्र पट्टकृमीचे होते. लांबच लांब, खंडाखंडांची फीत. पर्णकृमीला खंड नसतात.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक